शेजाऱ्याची हरकत

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात मुठेकाठच्या पेठांमधले हजारो संसार उघड्यावर आले. या लोकांना शासनाने तेव्हाच्या शहराच्या कडेला जागा दिल्या. पूरग्रस्तांच्या शंभरावर सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या अनेक संस्थांमधून पर्वती-तळजाईच्या पायथ्याशी सहकारनगर वसले. वाड्यातल्या दोन खोल्यांत राहिलेल्या नोकरदार माणसांनी कर्ज काढून, टप्प्याटप्प्याने बांधलेली ही घरे. आधी खालचा मजला, मुलाचे लग्न ठरल्यावर वरचा. पुढे चार पावलांचे अंगण, मागे आंबा किंवा शेवगा. आजोबांनी बांधलेल्या त्या घरात आज नातू राहतो, किंवा राहत नाही आणि घर विकायला काढतो.

त्यामुळे सध्या आमच्या भागात दर दोन-तीन गल्ल्यांआड पत्र्याचे कुंपण दिसते. शेजारशेजारचे दोन बंगले एकत्र करायचे, खाली दोन मजले पार्किंग, वर सात मजले. अशाच एका प्रस्तावित इमारतीवरून परवा गल्लीतली मंडळी एका घराच्या पोर्चमध्ये जमली होती. बोलणे सुरू झाले पाण्यावरून. मग ड्रेनेजचे चेंबर तुंबणे, गाड्या कुठे लावणार, अग्निशमनाची गाडी वळणार कशी, असे एकेक विषय निघाले. "आमच्या स्वयंपाकघरात ऊन येतं ते आता विसरायचं," असे एक काकू म्हणाल्या. एका काकांनी विचारले, "प्लॅन पास झालाय का?" झाला होता. "मग आपण कशाला जमलोय?"

काकांचा हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता, आणि त्याचे उत्तर मी इथे शोधतो आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्यात विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवण्याची तरतूद आहे, आराखड्यात पुढे बदल करायचा झाला तरी नोटीस काढावी लागते. पण एखाद्या प्लॉटवर बांधकामाला परवानगी देताना शेजाऱ्याला विचारण्याची पद्धत नाही. नकाशा नियमांत बसला की परवानगी देणे भाग असते. नगररचना खात्यातल्या अधिकाऱ्याने मनात आणले तरी "या गल्लीत आता पुरे" असे तो म्हणू शकत नाही. इमारत किती मोठी होणार, हे ती उभी राहण्याच्या कितीतरी आधी एका कोष्टकात ठरून गेलेले असते.

हे कोष्टक आपण रहिवाशांनी एकदा तरी नीट वाचले पाहिजे. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली असावी असे शासनाने ठरवले, 2019 साली मसुदा प्रसिद्ध केला आणि डिसेंबर 2020 मध्ये ती लागू केली. ते कोष्टक याच नियमावलीत आहे. पुण्यासारख्या शहरात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, 1.1. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथेच थांबायचे. रस्ता नऊ मीटर झाला की पैसे भरून 0.5 आणि टीडीआरचा, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेल्या विकास हक्कांचा, 0.4, म्हणजे एकूण 2. त्यावर जिने, बाल्कन्या वगैरेंसाठी आणखी साठ टक्क्यांपर्यंत, तेही पैसे भरून. पाच हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर अशा रीतीने सोळा हजार चौरस फूट बांधकाम होऊ शकते. दोन प्लॉट एकत्र केले तर बत्तीस हजार. जिथे चार कुटुंबे राहत होती तिथे तीस राहतील. तीस घरांत चार-चार माणसे धरली आणि माणशी रोज 135 लिटर हे नेहमीचे प्रमाण लावले, तर रोजचे सोळा हजार लिटर पाणी झाले. नळाची लाईन मात्र चार घरांना पुरेल अशीच टाकलेली.

या सगळ्या गणितात गल्लीबद्दल एकच गोष्ट विचारली जाते, ती म्हणजे रस्त्याची रुंदी. पाण्याच्या नळाचा व्यास, ड्रेनेजचे वय, पावसाळी गटार आहे की नाही, याच रस्त्यावर आधी किती इमारतींना परवानगी दिली, यांपैकी काहीही कोष्टकात नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे तपासली जाते आणि प्रत्येक इमारत नियमात बसते. पण गल्लीतले वीसच्या वीस प्लॉट याच हिशेबाने बांधले गेले तर गल्लीचे काय होईल, हे पाहणे कुणाचेच काम नाही.

आणि ती रुंदी तरी किती खरी? बैठकीनंतर दोघांनी टेप लावून रस्ता मोजला. नव्या इमारतीने जागा सोडली आहे तिथे तो नऊ मीटर भरतो आणि पुढच्या जुन्या बंगल्यापाशी पुन्हा आक्रसतो. मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्यात गाड्या उभ्या राहतात, त्यांच्या पुढे विजेचा खांब आणि डीपीची पेटी जागच्या जागी. 2020 साली पुणे महापालिकेत सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटरचे करण्याचा प्रस्ताव पुढे आला होता, तेव्हा याच मुद्द्यावर वाद पेटला. दोन्ही बाजूंची दीड-दीड मीटर जागा प्लॉट बांधायला काढला की सुटणार, म्हणजे रस्ता तुकड्यातुकड्यांनी पंधरा-वीस वर्षांत रुंद होणार. वाढीव एफएसआय मात्र पहिल्या प्लॉटला पहिल्याच दिवशी मिळणार.

पाण्याचे तर दुहेरी नुकसान आहे. पार्किंगसाठी तळघर खोदले की जमिनीतले झरे फुटतात. मग पंप लावून ते पाणी रात्रंदिवस रस्त्याच्या कडेच्या गटारात सोडले जाते. आमच्याकडे एका बांधकामावर स्वच्छ, नितळ पाणी महिनोन्‌महिने गटारातून वाहताना सगळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याच गल्लीत समोरच्या सोसायटीत टँकर येत होता. आजूबाजूच्या बोअरचे पाणी खाली गेले. त्याबद्दल नियम काय म्हणतो, कोण तपासतो, हे वॉर्ड ऑफिसात कुणी सांगू शकले नाही.

दुसरे नुकसान पावसाळ्यात कळते. बंगल्याभोवतीची माती पाऊस पिते. तळघराच्या स्लॅबवर काँक्रीट आणि पेव्हिंग ब्लॉक घातलेली जागा थेंबही पीत नाही. पाच हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर तेवीस हजार लिटर पाणी होते. पर्जन्यजल संधारणाचा खड्डा नकाशात असतो, पण त्या मुसळधार पावसात बहुतेक पाणी रस्त्यावर आणि तिथून आंबिल ओढ्यात जाते. कात्रजच्या तलावापासून येणारा हा ओढा आमच्याच भागातून पुढे मुठेला मिळतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याने काय केले ते सहकारनगर-अरण्येश्वर परिसर विसरलेला नाही. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली, सोसायट्यांच्या तळमजल्यांत छातीएवढे पाणी शिरले. पुणे आणि परिसरात त्या रात्री वीसहून अधिक जीव गेले. ओढ्याचे पात्र अरुंद झाले, त्यावर बांधकामे झाली, हे त्याचे एक कारण. वरच्या उतारावरची मोकळी जमीन झपाट्याने झाकली गेली, हेही तितकेच खरे. एका पुराने उठवलेल्या माणसांच्या वसाहतीत दुसरा पूर शिरला. त्यानंतर तरी परवानगी देताना ओढ्याच्या पाणलोटाचा विचार व्हायला हवा होता. अजून तो रस्त्याच्या रुंदीपलीकडे गेलेला नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण गल्लीतल्या बैठकीत सगळेच बरोबर बोलले असे नाही. "भाडेकरू येतील, बॅचलर पोरं येतील, कुठली कुठली माणसं येतील" हेही बोलले गेले. ही हरकत मला अजिबात मान्य नाही. शेजारी कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार कुणालाच नसावा. सहकारनगर तर बेघर झालेल्यांना शहराने सामावून घेतले म्हणून वसले. शिवाय नवी घरे कुठेतरी बांधावीच लागणार आहेत. स्वारगेट इथून जवळ, तिथवर भुयारी मेट्रो आली आहे. अशा ठिकाणी जास्त माणसे राहावीत आणि वाघोली-मांजरीच्या शेतांवर, डोंगरउतारांवर कमी इमारती चढाव्यात, हा विचार मला पटतो. जुन्या बंगल्यांत पहिल्या मजल्यावर चढता न येणारी म्हातारी माणसे आहेत, गळकी छपरे आहेत, डागडुजीला पैसा नाही. त्यांना लिफ्ट असलेले धड घर मिळावे हे न्याय्यच आहे. पानशेतनंतर मिळालेल्या घरांचे दगड जपून ठेवा, असे माझे म्हणणे नाही.

आणि एक गोष्ट त्या पोर्चमध्ये कुणी बोलले नाही, पण सगळ्यांना माहीत होती. ज्या घरात आम्ही बसलो होतो त्याच्या मालकांकडेही बिल्डरचे लोक येऊन गेले आहेत. बैठकीला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे येऊन गेले आहेत. आज शेजारच्या सात मजल्यांना विरोध करणारा माणूस उद्या स्वतःच्या करारात "आठवा बसतो का बघा" म्हणेल. सोसायट्यांचेही तेच. पुनर्विकासाला 2009 च्या आदेशाने तीन-चतुर्थांश सभासदांची संमती लागत असे, 2019 पासून 51 टक्के पुरतात, आणि त्या सभेत चर्चा होते ती कार्पेट किती वाढून मिळणार, भाडे किती, कॉर्पस किती याचीच. गल्लीच्या ड्रेनेजचा विषय अजेंड्यावर कधी नसतो. बिल्डर बाहेरून येत असला तरी त्याला जागा आपण देतो. म्हणून आपली हरकत कुणी गांभीर्याने घेत नाही, आणि त्यात न घेणाऱ्याचा फार दोष नाही.

माझ्या मते हरकत घ्यायचा अधिकार आधी मिळवावा लागतो. गल्लीतल्या लोकांनी आपापला प्लॉट विकायच्या आधी एकत्र बसून ठरवावे की आपल्यापैकी कुणीही बांधले तरी काय पाळले जाईल. तळघर किती खोल, बाजूच्या मोकळ्या जागेत किती माती उघडी राहील, कुठली झाडे हात न लावता ठेवायची, पंपाने उपसलेले पाणी गटारात न सोडता कुठे जिरवायचे. हे करारनाम्यात अटी म्हणून घालता येते. बिल्डरला त्यातून तोटा होतो असेही नाही, थोडा खर्च वाढतो. शेजाऱ्याला लावतो ती अट स्वतःला लावून घेतली की मग महापालिकेपुढे उभे राहताना आवाजात वजन येते.

महापालिकेकडे मागायचे ते एका इमारतीची परवानगी रद्द करा असे नसावे. ते मिळणार नाही, कोर्टातही बहुधा टिकणार नाही. मागायचे ते हे की प्रत्येक गल्लीची, निदान प्रत्येक प्रभागाची, क्षमता मोजा आणि लोकांसमोर ठेवा. आजवर किती वाढीव एफएसआय दिला, पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन किती माणसांसाठी आहे, ओढा किती पाणी वाहू शकतो. वाढीव बांधकामाची मुभा त्या आकड्यांशी बांधा. लोकांनी हे बोलावे कुठे, यासाठी राज्याने 2009 साली कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद केली होती. ती सभा आमच्या भागात कधी भरली नाही. मार्च 2022 नंतर काही वर्षे तर पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, आणि त्याच काळात नव्या नियमावलीखाली परवानग्या धडाधड निघत होत्या. पुण्याच्या विकास आराखड्यावर 2013 साली ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. लोकांना बोलायचे असते हे त्यावरून दिसते. बोलायची संधी वीस वर्षांतून एकदा मिळते आणि इमारत दर महिन्याला उभी राहते, ही खरी अडचण आहे.

आणि पैशांचा हिशेब. वाढीव एफएसआयसाठी बिल्डर जो प्रीमियम भरतो, तो शेवटी फ्लॅट घेणाऱ्याच्या खिशातून येतो आणि तिजोरीत जाऊन शहराच्या एकूण खर्चात मिसळतो. आमच्या गल्लीतल्या इमारतीने भरलेल्या प्रीमियममधून आमच्या गल्लीची पाण्याची लाईन बदलली, असे मी अजून ऐकलेले नाही. त्यातला ठरावीक हिस्सा त्याच प्रभागातल्या नळांवर, गटारांवर आणि ओढ्यावर खर्च करण्याचे बंधन घालावे, आणि ते काम झाल्याशिवाय इमारतीला भोगवटा पत्र देऊ नये. पुढच्या बैठकीत हा एकच ठराव लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसला द्यावा, असे मी सुचवणार आहे. त्यावर नव्या इमारतीत राहायला येणाऱ्या तीस कुटुंबांच्याही सह्या घ्याव्यात. ताबा मिळाल्यावर नळाला पाणी त्यांनाही लागणार आहे.