घरचे बी

सन १२९५ मध्ये अरण येथे समाधिस्थ झालेल्या संत सावतोबांच्या मळ्यात टोमॅटो नव्हता; हे फळ मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पण आमच्या परसात त्याचे गावरान वाण आहे, मातोश्रींनी वर्षानुवर्षे राखलेले. संकरित फळाचे बी धरले तर पुढचे पीक तसेच येईल याचा भरवसा नाही. गावरान बी आपले वळण सोडीत नाही. परंपरा म्हणतात ती हीच.

फाल्गुनात रोपे लावली आणि चैत्रात वळीव गारांसह कोसळला. वाफा भुईसपाट! मी हातपाय गाळून बसलो. आई म्हणाली, "अरे, सगळं बी कुठं पेरलंय? निम्मं डब्यात हाय. अन् जी नुसती आडवी झालीत ती उपटू नको. खोड मातीत पूर."

तसे केले. काही दिवसांत पुरलेल्या खोडालाच नवी मुळे फुटली. तुटली त्यांच्या जागी डब्यातले बी पेरले.

बाबांनो, वाकला तो मातीला लागला, आणि मातीला लागला तोच रुजला. अशा जिवाला नामाची काठी द्यावी. आणि नित्याचा हरिपाठ हे डब्यातले बी. ते सुखाच्या दिवसांतच राखावे लागते. वादळ आल्यावर कोठून आणाल?

रामकृष्णहरि!