भजनातील लय आणि भक्ती

अंबरनाथ-बदलापूर परिसरातल्या भजनी मंडळांत वारकरी भजनाची सुरुवात नामघोषाने आणि विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणाऱ्या, म्हणजे रूपाच्या अभंगाने संथ लयीत होते. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. टाळ-पखवाजाच्या साथीने लय चढत गजरात द्रुत होते आणि समारोप बहुधा भैरवीत होतो. पट्टी उंच धरली जाते, कारण मोकळा, खडा आवाज टाळांच्या नादातूनही ऐकू यावा लागतो.

द्रुत लयीतली तल्लीनता भक्ती मानावी की शरीराची उत्तेजना? वारकरी विचारात नाम हेच साधन आणि साध्यही आहे. लय त्याची केवळ वाहक. त्यामुळे उत्तेजना निषिद्ध नाही, पण भक्तीचा पुरावाही नाही. ही वाहक लय कशी घडते, हेही महत्त्वाचे: ध्वनिमुद्रणात ती कायमची ठरून जाते, प्रत्यक्ष भजनात मात्र ती धृपद, म्हणजे अभंगाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, झेलणाऱ्यांच्या प्रतिसादावर घडते. ध्वनिमुद्रित भजन भाव जागवते. सहभाग मात्र गाणाऱ्यालाच मिळतो.