बायकांची जात चिवट

आजोबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा दहा मिनिटांत रिक्षा दारात होती. दोन वर्षांनी आजीला घाम फुटला, जबडा दुखू लागला, मळमळलं. घरानं तिला ओव्याचं पाणी दिलं. पित्त असेल, असं तीही म्हणाली. दवाखाना गाठला दुसऱ्या दिवशी. ती वाचली, पण हृदय कायमचं अधू झालं. काका म्हणाले, ‘बायकांची जात चिवट!’

राग आला, पण काका खोटं बोलत नव्हते. साधारण 100 मुलींमागे 105 मुलगे जन्माला येतात. अन्न आणि औषधपाणी सारखं मिळालं, तर पहिल्या वर्षापासूनच मुलगे जास्त दगावतात. दोन एक्स गुणसूत्रं, इस्ट्रोजेन अशी कारणं सांगतात. आजोबा गेले, आजी आज एक्याऐंशीची आहे.

मग न्याय कशाला म्हणायचं? दोघांना सारखी वर्षं मिळणं म्हणजे न्याय असेल, तर बायकांवरचे उपचार थोडे कमी करावे लागतील. हा तिरपागडा युक्तिवाद अमर्त्य सेन यांनी मांडला, तो खोडून काढण्यासाठीच. आयुष्य समान करायला कुणाची काळजी कमी करणं हा उघड अन्याय आहे, असं ते म्हणतात. मला हा तत्त्वज्ञांचा बुद्धिबळाचा डाव वाटायचा. पण आमच्या घरानं तो प्रयोग एका पेल्यात करून पाहिला होता. आणि फक्त आमच्याच घरानं नाही. जगात 10 कोटींहून जास्त स्त्रिया ‘गायब’ आहेत, असा हिशेब सेन यांनीच 1990 मध्ये मांडला होता. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या. चिवट जातीला जन्मच मिळाला नाही, तर चिवटपणा दाखवायचा कुठे?

आता बाबांचं काय? खिशात तंबाखूची पुडी, बीपीची गोळी आठवड्यातून दोनदा. ‘पुरुष लवकरच जातात,’ म्हणतात. गुणसूत्रांनी पुडी खिशात ठेवलेली नाही. तरी आजीसाठी मी घराशी भांडते आणि बाबांच्या बाबतीत ‘त्यांचा स्वभाव’ म्हणून सोडून देते. हेही ओव्याचंच पाणी की काय?

गेल्या आठवड्यात आजीला ईसीजीला नेलं. टेबलावर पडल्यापडल्या तिनं विचारलं, ‘किती पैसे घेतात गं?’ मी सांगितलं.

‘मग माझा राहू दे. तुझ्या बापाचा काढ.’

दोघांचाही काढला.