कोय

मे महिन्यात कोकणातल्या घरात आंबे मोजून खात नाहीत. अण्णांच्या पडवीतही रायवळच्या कोयींची टोपली दिवसभर उघडीच असे. नातवाने त्यातली एक लहानशी कोय मोत्यापुढे टाकली. तीन महिन्यांच्या पिल्लाने ती चाटली, चघळली आणि बघता बघता गिळली. पोराने पाहिलं, पण तो बोलला नाही. आठवड्यापूर्वी लोणच्याची बरणी फुटली तेव्हा त्याने आपणहून सांगितलं होतं, आणि तीन दिवस अण्णांचं प्रवचन ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोत्याला उलट्या सुरू झाल्या. प्यालेलं पाणीही ठरेना, शी होईना; पाठ कमानीसारखी करून तो कोपऱ्यात बसला. "ऊन बाधलंय," अण्णा म्हणाले. गुरांच्या दुखण्यातले जाणकार म्हणून गावात त्यांचं नाव होतं. अशा नावाची पंचाईत ही, की मग 'मला कळत नाही' म्हणता येत नाही. पोट साफ व्हावं म्हणून त्यांनी मिठाचं कडक पाणी पाजलं. उलट्या वाढल्या.

तिसऱ्या दिवशी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून विचारलं, "काय गिळलंय याने?"

"छे! आमच्याकडे भलतंसलतं खायला मिळतच नाही."

पोराने खिशातून एक कोय काढून टेबलावर ठेवली. चपटी, वाळलेली, कडेला धागे चिकटलेली. "एवढीच होती. परवा सकाळी. मीच दिली."

"बरं झालं सांगितलंस," बाई म्हणाल्या. "खिळा किंवा नाणं एक्स-रेत लगेच दिसतं, कोय तशी दिसत नाही. सोनोग्राफीत काय शोधायचं ते आता कळलं. परवाच आणला असता तर कोय पोटात असतानाच कदाचित दुर्बिणीने निघाली असती. आतड्यात अडकली असेल तर ऑपरेशनच." मग अण्णांकडे वळून, "घरी काही पाजलंत?"

"नाही."

पोरगा आजोबांकडे बघतच राहिला. अण्णांनी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"म्हणजे... मिठाचं पाणी. दोन वाट्या."

"मग आधी रक्त तपासते. रक्तात मीठ फार चढलं की मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात. हे माहीत नसताना भूल दिली असती तर जिवावर बेतलं असतं."

सलाईन लागलं, दुपारी ऑपरेशन झालं. कोय छोट्या आतड्यात अडकली होती. आतडं काळं पडलं नव्हतं, म्हणून तुकडा कापून काढावा लागला नाही.

मोत्याला घरी आणलं तेव्हा शेजारच्या काकू बेड्याशीच उभ्या होत्या. "कोणी हो दिली त्याला कोय?"

पोराने मान खाली घातली.

"टोपली मी उघडी ठेवली होती," अण्णा म्हणाले. "आणि ती लोणच्याची बरणी फळीच्या अगदी कडेला, तीसुद्धा मीच."