क्षमा आणि फिर्याद

आपल्यावर अन्याय झाला असे वाटले तर सोसावे की दाद मागावी, हा प्रश्न पुष्कळांनी आम्हांस विचारला आहे. 'सोसावे' असे उत्तर आम्ही आजवर सहज देत आलो. आता तो प्रश्न आमच्याच खांद्यावर येऊन बसला, तेव्हा उत्तर काही सहज निघेना!

हकीकत थोडक्यात अशी. पावसात पायरीवरून घसरलो आणि उजवा खांदा दुखावला. खांद्याच्या स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी कंडरा तुटली होती. डॉक्टर म्हणाले, "शिवून टाकू, सहा महिन्यांत हात वर जाईल." शस्त्रक्रिया झाली, साठवलेले पैसे गेले, सहा महिनेही गेले. हात मात्र छातीच्या वर जाईना. पुन्हा तपासणी केली तर शिवलेली कंडरा सुटली होती. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितले, "होतं असं कधी कधी." दिंडीत टाळ डोक्यावर नेणारा हात आज सदऱ्याची बाही चढवायला दुसऱ्याची मदत मागतो. रात्री त्या कुशीवर वळता येत नाही.

घरी दोन मते झाली. पुतण्या म्हणाला, "काका, खेचा त्याला कोर्टात!" शेजारचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "प्रारब्ध म्हणा आणि क्षमा करा." दोघेही आमच्या मायेचे. पण विचार करता दोघांनीही एक पायरी गाळली आहे असे आम्हांस दिसले. दोष कोणाचा, किंबहुना दोष आहे का, हे कोणी पाहिलेच नाही. दोष न पाहता दिलेली शिक्षा जशी आंधळी, तशी दोष न पाहता केलेली क्षमाही आंधळीच. खरे सांगायचे तर आमच्या क्षमेत निम्मे भयच होते. कचेरीच्या पायऱ्या, वकिलाची फी, लोक काय म्हणतील, याचे ते भय. भयाला क्षमेचा अंगरखा घातला म्हणून ते क्षमा होत नाही.

आता दोष कशाला म्हणावे? पाणाड्याने जागा दाखवली, विहीर खणली आणि पाणी लागले नाही, एवढ्यावरून त्याला लबाड म्हणता येत नाही. पण त्याने जमीन न पाहताच काठी रोवली असेल, किंवा 'इथे पाणी लागेलच असे नाही' हे ठाऊक असून सांगितले नसेल, तर गोष्ट निराळी. कायदाही असाच चालतो. पुण्याच्या एका डॉक्टरांविरुद्धच्या खटल्यात 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली : रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना आणि तो उपचार करताना योग्य काळजी घेणे. 1995 साली त्याच न्यायालयाने पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. 2005 साली मात्र हेही बजावले की, गुण आला नाही एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. आणि 2008 साली सांगितले की, उपचारातले मोठे धोके व दुसरे पर्याय रोग्याला आधी समजावलेच पाहिजेत. हल्ली 2019 च्या कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे साधारण दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील दिलाच पाहिजे असे नाही.

म्हणून आम्ही आधी कागद मागितले. रोग्याने मागितल्यावर ते 72 तासांत द्यावेत असा डॉक्टरांना नियम आहे. ते घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे पाहून सांगितले, "शिवण चांगली आहे. पण तुमची कंडरा जुनी आणि रुंद फाटलेली होती. अशी पुष्कळदा पुन्हा सुटते. हे तुम्हांला आधी सांगायला हवं होतं." मग आम्ही आमचीच सही असलेला संमतीचा कागद काढला. तो आम्ही न वाचताच सही केलेला!

आणि वाचकहो, आणखी एक गोष्ट आहे. ती आजवर आम्ही पुतण्यालाही सांगितली नव्हती. सहा आठवडे हात झोळीत ठेवायचा होता. पाचव्या आठवड्यात घरी कोणी नसताना आम्ही पाण्याची बादली त्याच हाताने उचलली. त्या वेळी कळ आली होती. कंडरा तेव्हाच सुटली की काय, कोण जाणे!

दुसऱ्याच्या दोषाचा हिशेब मांडायला बसले की आपलीही वही उघडावी लागते, हे तेव्हा कळले. दुःख आमचे आहे, ते कोणत्याही निकालाने परत जाणार नाही. द्वेष टाकायचा आहे, कारण तो खांद्यापेक्षा जास्त ठणकतो. दोष मात्र झाकायचा नाही, डॉक्टरांचा नाही आणि आमचाही नाही. न सांगण्याची ती सवय तशीच राहिली तर उद्या आणखी कोणी विश्वासाने असाच टेबलावर निजेल. त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

आम्ही डॉक्टरांना पत्र लिहिले आहे. शिवणीबद्दल तक्रार नाही, पण जे सांगितले नाही त्याबद्दल आहे, आणि पुढच्या रोग्यांना ते सांगाल का, एवढेच विचारले आहे. अजून उत्तर आलेले नाही. मुदतीचे चार महिने शिल्लक आहेत. उत्तर आले तर आनंदाने विषय मिटवू. न आले तर आयोगाकडे अर्ज करू.

पुतण्या म्हणतो, "अर्जात बादलीचं काही लिहू नका हं काका." ती बादली आम्ही पहिल्याच पानावर लिहिणार आहोत.