नदीची सहनशक्ति व माणसाचा हिशेब

नदींत किती घाण सोडली असतां ती तिला सोसवेल, या प्रश्नाचें उत्तर शास्त्र आंकड्यांत देतें. आणि आंकडा दिसला कीं नीतीचा प्रश्न संपला, असें समजण्याकडे सुशिक्षितांचा कल असतो. ही समजूत कितपत खरी आहे, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

इंग्लंडांतील सांडपाण्याविषयींच्या रॉयल कमिशननें १९१२ सालीं आपल्या आठव्या अहवालांत एक प्रमाण घालून दिलें. सांडपाण्यांतील सेंद्रिय द्रव्य कुजतांना पाण्यांतला प्राणवायु खातें; पांच दिवसांत ही भूक लिटरमागें २० मिलिग्रॅमहून अधिक नसावी, असें तें प्रमाण. नदीची मूळची भूक २ धरली व तिच्या आठ भागांत असल्या पाण्याचा एक भाग मिळाला, तर नऊ भागांची एकूण भूक ३६, म्हणजे सरासरी ४ होते. आणि ४ पर्यंत नदी सहसा नासत नाहीं, असें कमिशनचें मत होतें.

गणित निर्दोष आहे. पण तें त्या आठ भागांवर उभें आहे. आपल्याकडील नियमांत नदींत सोडावयाच्या पाण्यास, तीन दिवसांच्या कसोटीनें, ३० ची सर्वसाधारण मर्यादा आहे. दख्खनच्या कित्येक नद्या वैशाखांत ओढ्याएवढ्या होतात. तेव्हां एका भागास नदीचा एकच भाग मिळाला, तर सरासरी १६ होते! कायदा पाळला जाईल, आणि मासे मात्र गुदमरतील.

शिवाय सर्वच विषें विरळ झाल्यानें निरुपद्रवी होत नाहींत. जपानांतील आगानो नदींत सोडलेला पारा माशांच्या शरीरांत सांठत गेला, आणि ते मासे खाणाऱ्या लोकांस जडलेला मज्जातंतूंचा रोग १९६५ सालीं उघडकीस आला.

कोणी म्हणेल, हा दोष गणिताचा नव्हे, अपुऱ्या गणिताचा आहे. आक्षेप यथार्थ आहे. हिशेब उन्हाळ्यांतील किमान प्रवाहावर व कांठच्या सर्व कारखान्यांचा एकत्र केला पाहिजे. परंतु तेवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. 'सुरक्षित' या शब्दांत दोन विधानें दडलेलीं आहेत: इतक्यानें इतकी हानि होईल, हें एक, आणि तितकी हानि सोसण्याजोगी आहे, हें दुसरें. पहिलें शास्त्रज्ञानें सांगावें. दुसरें सांगण्याचा अधिकार ज्याला ती सोसावयाची आहे त्याचा. व्यवहारांत मात्र नफा वरच्या अंगास राहतो व हानि खालच्या गांवीं वाहत जाते. १९७४ च्या कायद्यान्वयें कारखान्यास लागणारी संमति प्रदूषण नियंत्रण मंडळाची असते, त्या गांवाची नव्हे.

म्हणून मर्यादाच नकोत, असें आमचें म्हणणें नाहीं; त्यांवांचून तर जो तो मन मानेल तसें करील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मर्यादा हा हक्क नव्हे, ती उसनवारी आहे. ज्या कारखानदारास आपला आंकडा निःशंकपणें सुरक्षित वाटतो, त्यानें आपलें पिण्याचें पाणी आपल्याच नाल्याच्या खालच्या अंगास भरावें. तें त्याच्यानें होत नसेल, तर तोच आंकडा त्यानें दुसऱ्याच्या घागरींतही घालूं नये.