पत्रा मारला म्हणजे शेजार संपत नाही

पेढे टेबलावर ठेवा आणि तिघेही जरा उभे राहा. खुर्च्या आहेत, मला दिसतायत. आधी ऐकायचं, मग बसायचं. तू सोसायटीचा सेक्रेटरी झालास, हा साइट इंजिनिअर झाला, तो बिल्डरच्या ऑफिसात बसतो. बोईसरमध्ये तुमची नावं झाली, मला आनंद आहे. पण माझ्या वर्गात तिघांची खोड एकच होती आणि ती अजून गेलेली नाही. प्रश्न पुरता वाचायचा नाही आणि उत्तर लिहायला घ्यायचं.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे पहिल्यांदा डोक्यात घ्या. नाहीतर बाहेर पडून "बाई जुन्या विचारांच्या" म्हणत फिराल. तुमची इमारत पाडायलाच हवी होती. खारी हवा, दर पावसाळ्याआधी गच्चीला डांबर, बाल्कनीखाली उघड्या पडलेल्या सळ्या. त्या सळ्यांखालून पोरं शाळेत जायची. २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ माणसं गेली. लांबची गोष्ट नाही, आपल्याच पालघर जिल्ह्यातली. ती पडली शेजारच्या चाळीवर. चाळ त्या वेळी रिकामी होती, म्हणून आकडा तिथे थांबला. इमारत पडताना आपल्या प्लॉटची हद्द बघून पडत नाही. आणि बांधतानाही ती हद्दीत राहत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही का? की शिकवलं त्या दिवशी तुम्ही गैरहजर होतात?

फाइल आणलीस, ती बघितली मी. चांगली जाड आहे. सहकारी संस्था कायद्याचं कलम ७९ अ, ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय, विशेष सर्वसाधारण सभा, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण, निबंधकांचा माणूस हजर, ठराव, सूचक, अनुमोदक. वाढीव कार्पेट किती, भाडं किती, कॉर्पस किती. एका सहीसाठी तू एकेका सभासदाच्या दारात चपला झिजवल्यास, सुरतला राहणाऱ्याकडे रात्रीच्या गाडीने गेलास. आता मला सांग, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे किती वेळा गेलास? तुझ्या गच्चीवरून वाकून बघितलं तर ज्याच्या घरातला टीव्ही दिसायचा, त्याच्याकडे?

"त्यांची सही लागत नाही, बाई."

उत्तर बरोबर आहे, म्हणूनच राग येतो. सही लागत नाही म्हणून गेला नाहीस. लागली असती तर पेढे आधी तिकडे गेले असते.

आणि साइटभोवतीच्या पत्र्यावर रंगवून घेतलंत, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. खाली मोबाइल नंबर. मी लावून बघितला. बंद. कोणाचा नंबर आहे तो? गेल्या सुपरवायझरचा ना? माणूस बदलला तर नंबर खोडून दुसरा रंगवायला हात दुखतो काय तुमचा?

आता इंजिनिअरसाहेब, तुम्ही. आवाजाचे नियम पाठ आहेत ना? मीच सांगते. २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आणि दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. पोकलेनला ब्रेकर लावल्यावर ५५ कुठे राहतात ते तूच मोजून ये, पण तो हिशेब सध्या बाजूला ठेवू. तू म्हणणार, आम्ही काम दिवसाच करतो. अरे, हे बोईसर आहे. इथे तीन पाळ्या चालतात. तुझ्या स्वतःच्या वडलांनी एमआयडीसीत नाईट काढली आणि सकाळी डब्याची पिशवी हलवत घरी आले. तुझी आई खिडकीला चादर बांधायची आणि आम्हाला सांगायची, आज याला घरी अभ्यास नको, हे झोपलेत. त्या घरातला मुलगा तू. तुझ्या ब्रेकरने बरोबर नऊला सुरुवात केली, शेजारच्या चाळीतली नाईटवाली माणसं डोळा लागतो न लागतो तोच उठून बसली. तीच माणसं त्या रात्री परत जाऊन केमिकलच्या रिॲक्टरसमोर उभी राहिली. महिनाभर. ती जांभई कुठे महागात पडू शकते याचा विचार केलास? नियमातला दिवस दिल्लीत ठरला. बोईसरचा दिवस कधी सुरू होतो, हे चाळीत जाऊन विचारायचं असतं. विचारलं असतंस तर काय झालं असतं? ब्रेकर दुपारी तीननंतर, सकाळी सळ्या कापणं आणि माल भरणं. काम तेवढंच, क्रम बदलला असता.

दुसरी गोष्ट. पायलिंग सुरू होईल तेव्हा जमीन हादरेल. मुंबईत जमीन हादरली की लोक म्हणतात मेट्रोचं काम असेल. आपल्याकडे काय म्हणतात? आपल्याकडे माणूस आधी एमआयडीसीच्या दिशेला धूर बघतो. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी केमिकल कंपनीत स्फोट झाला, आठ माणसं गेली, आवाज कुठच्या कुठे गावांपर्यंत गेला. धूर दिसला नाही तर दुसरा विचार भूकंपाचा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धक्क्यांमागून धक्के बसत गेले, लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. ज्या तालुक्यांनी हे दोन्ही पाहिलंय, तिथे तू न सांगता जमिनीत दणके घालणार? म्हाताऱ्या माणसाने जिन्यावरून धावत खाली यायचं, पाय मोडून घ्यायचा, आणि खाली आल्यावर वॉचमनने सांगायचं की काही नाही आजी, मशीन चालू आहे. एका कागदावर तारीख, वेळ आणि 'हादरा बसेल, घाबरू नका' एवढं लिहून दारोदार द्यायला किती खर्च येतो?

तारापूरला अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून चालू आहे. आसपासच्या गावांत आणीबाणीचा सराव घेतात. भोंगा वाजला तर काय करायचं, घरात थांबायचं की कुठे जायचं, हे माणसांना सांगून ठेवतात. अणुभट्टीच्या शेजाऱ्याला सूचना मिळते आणि तुझ्या सात मजल्यांच्या शेजाऱ्याला मिळत नाही. अर्थात त्याच केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, आणि ती माणसं पुढे वर्षानुवर्षं कोर्ट-कचेऱ्या करत राहिली, हेही मी विसरलेले नाही. म्हणून तर म्हणते, इथल्या माणसाच्या अंगात एक जुना संशय मुरलाय: यांचं आधी ठरतं, आपल्याला मागून कळतं. तुम्ही त्यात भर घालताय. आणि तुम्ही तर सरकारही नाही.

बिल्डरच्या माणसा, तू हसू नकोस. तुझ्या फायद्याचं सांगते. शेजारच्या इमारतीची पाहणी करून घेतलीस? खोदकामाच्या आधी? एकेक खोली, एकेक भिंत, तड्याचा फोटो, फोटोत फूटपट्टी, खाली तारीख, घरमालकाची सही आणि तुझ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही, एक प्रत त्यांना. जिथे तडा आहे तिथे आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवायची आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायची. तडा जुना आणि मेलेला असेल तर काच वर्षभर तशीच राहते. भिंत सरकली की काच तडकते. त्यात वाद घालायला जागा नाही. तू खोटं बोलू शकत नाहीस आणि घरमालकही नाही. ही पाहणी न करता तू खड्डा खणलास की त्या इमारतीतला प्रत्येक तडा तुझ्या नावावर लागेल, वीस वर्षांपूर्वीचासुद्धा. मग "आमची इमारत रंगवून द्या" म्हणून पत्र येईल, तू चिडशील, थोडे पैसे देऊन तोंडं बंद करशील, आणि जिच्या स्वयंपाकघराचा ओटा खरंच खचलाय त्या बाईला कोणी विचारणार नाही.

खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसणार ना? ते पाणी नुसतं येत नाही, बारीक माती घेऊन येतं. ती माती कोणाच्या पायाखालची, याचं उत्तर तोंडी परीक्षेत विचारलं तर तू देशीलही. साइटवर मात्र पंप रात्रभर चालू ठेवून झोपायला जाशील.

तारखा लिहून घे. २५ जून २०१८, वडाळ्याची लॉइड्स इस्टेट. शेजारच्या प्रकल्पासाठी खणलेल्या खड्ड्याकडे संरक्षक भिंत आणि रस्ता खचला, उभ्या गाड्या खाली गेल्या, लोकांना घरं सोडून बाहेर पडावं लागलं. २९ जून २०१९, पुण्यातलं कोंढवा. तिथे उलटं झालं: सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, १५ माणसं मेली, त्यात लेकरंही. एकीकडे साइटने सोसायटीला ओढलं, दुसरीकडे सोसायटी साइटवर कोसळली. तेव्हा 'शेजाऱ्यांवर उपकार' ही भाषा माझ्यापुढे नको. तुमचे मजूर कुठे झोपतात? भिंतीला लागून? त्या भिंतीच्या पलीकडे पाणी तुंबतं की नाही, हे पलीकडच्या माणसाशिवाय कोण सांगणार तुला? आणि दोन्ही तारखांचा महिना बघ. जूनचा शेवटचा आठवडा. मृगाचा पाऊस पडून गेला, जमीन भिजून जड झाली आणि खड्डा उघडा.

दुकानदारांचं तर बोलूच नये अशी स्थिती आहे. इस्त्रीवाल्याकडे पांढरे युनिफॉर्म टांगलेले असतात. संध्याकाळी मुलं न्यायला येतात तेव्हा खांद्यावर करडा थर. त्याने ते कपडे पुन्हा धुऊन दिले, पदरच्या पाण्याने. खानावळवाल्या ताईंनी पाण्याच्या पिंपावर ओली चादर टाकली, तरी वाटीत कच लागली म्हणून महिन्याचे डबे तुटले. औषधाच्या दुकानाची पाटी तुमच्या पत्र्यामागे गेली. त्याच्या नावाचा बाण तुमच्याच पत्र्यावर रंगवून द्यायला एक डबा रंग पुरला असता. दांडी-नवापूरहून मासळी घेऊन येणाऱ्या बायका ज्या कडेला बसायच्या तिथे आता तुमची खडी आहे. त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही, म्हणून त्या नव्हत्याच असं धरलंत.

राडारोड्याच्या २०१६ च्या नियमांत सांगितलं होतं. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर निघणार असेल तर वर्गवारी करायची, आधी आराखडा द्यायचा. आणि कितीही निघो, रस्ता, माणसं, गटार अडवायचं नाही. तुमचा राडारोडा गटारात आहे. मी काल छत्रीच्या टोकाने ढवळून बघितला. विटेचे तुकडे, तुमच्याच जिन्याची मोझॅक.

थांबा, बाहेर खिडकीशी कान लावून उभे आहेत त्यांनीही आत या. शेजारी म्हणून तुम्हाला आज फार बरं वाटत असेल. गटारावर लाद्या टाकून दुकान तीन फूट पुढे कोणी आणलं? साफ करायला माणूस आला तर लाद्या उचलू देत नाही कोण? साइटवर डंपर येणार म्हणून आदल्या दिवशी सांगितलं तरी स्कूटर आडवी लावून चहा प्यायला जातं कोण? आणि तुमच्या कमिटीने जे पत्र लिहिलंय त्यात धुळीबद्दल दोन ओळी आहेत आणि गेट, रंग, पेव्हर ब्लॉक यांची मागणी दीड पान. तक्रार आहे की यादी? धुळीचा त्रास खरा आहे, तर धुळीबद्दल लिहा. पाहणीला इंजिनिअर आला तर दार उघडा, "साहेब घरी नाहीत" म्हणून परत पाठवू नका.

आता तुम्ही तिघे. "बाई, एवढं करत बसलो तर काम लांबेल," हे मी तुमच्या चेहऱ्यावर वाचतेय. एकदा पोलिसांत तक्रार झाली, एकदा काम बंद पडलं, एकदा कोणी कोर्टात गेलं की किती लांबतं, तो हिशेब कर. तुझ्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या सभासदांना दर महिना कोणाचे चेक जातात? राफ्टचं काँक्रीट एकदा धरलं की मध्ये सोडता येत नाही, रात्र होणार, मिक्सरच्या गाड्या रिव्हर्सचा भोंगा वाजवत येणार, हे मला कळतं. मग ती रात्र आठवडाभर आधी सांगा. बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री धरू नका, लग्नघर असेल तर विचारा. लोक एक रात्र सोसतात. न सांगितलेली एक रात्र मात्र वर्षभर बोलून दाखवतात. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, पुढच्या सात दिवसांत काय होणार ते सांगायला तू स्वतः गेटवर उभा राहायचं. वॉचमनला उभं करायचं नाही. वहीत तक्रार लिहून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात त्या ओळीपुढे काय केलं ते लिहायचं. अशा वह्या मी तुमच्याकडून दहावीपर्यंत लिहून घेतल्यात.

खोदकाम कधी धरलंय? खरं सांग.

मे महिना. म्हणजे जूनमध्ये खड्डा पूर्ण खोल आणि शोअरिंग अर्धवट. आणि शेजारची जुनी भिंत खड्ड्यापासून दोन हातांवर. पावसाळा उतरल्यावर धरलं तर काय बिघडतं? बिल्डर ऐकत नाही? त्याचा नंबर तर चालू असेल ना? लाव. स्पीकरवर ठेव.